डिकीतील भूकंप

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. आमची थोरली आत्या तेथे राहते. तिचे वय ऐंशीच्या पुढे असून घर जुन्या बांधणीचे आहे; भिंती दगडमातीच्या आणि वर पत्रे. २०२५ च्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने आमचे तेथे चार दिवस राहणे झाले. दुसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास, निजानीज झाल्यावर, स्वयंपाकघरातील फळीवरची पितळेची भांडी एकमेकांवर वाजू लागली, पत्रे थरथरले, आणि अंथरुणाखालची जमीन कोणी आतून मुठीने ठोकीत असल्याचा भास झाला. आम्ही पडलो शहरवासी. आम्हांस उठून बसण्यासच काही क्षण लागले. आत्या मात्र तोपर्यंत नातवाच्या दोन्ही पोरांना बखोटीस धरून अंगणात जाऊन उभी राहिली होती. "आधी बाहेर या रे, मग इचारा काय ते!" एवढेच ती ओरडली.

तिच्या ह्या चपळाईस कारण आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी, आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी, हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले व ते शेजारच्या नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजाच्या बातम्या तर त्याच्याही आधीपासून कित्येक वर्षे येत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस काय झाले, ते मराठवाड्यात कोणास सांगावे लागत नाही. तेव्हा ह्या मुलखात जमिनीतून घुमणारा आवाज हा करमणुकीचा विषय नव्हे. तो ऐकताच पोरे उचलून बाहेर पडावयाचे असते, हे येथील म्हाताऱ्या माणसांच्या अंगवळणी पडले आहे.

त्या रात्री भूकंप झाला नव्हता. पारापाशी एक मोटार उभी होती. मोटार मोठी, काळी, परदेशी कुळातली. तिचे नाव सांगण्याचे आम्हांस प्रयोजन नाही, कारण आमचे भांडण तिच्याशी नाही. भांडण आहे ते तिच्या डिकीत मागाहून बसविलेल्या एका लाकडी पेटीशी. त्या पेटीत बारा बारा इंच व्यासाचे दोन सबवूफर होते, आणि आत्याच्या फळीवरील भांडी वाजवीत होते ते तेच.

मोटारीचा मालक गावातलाच मुलगा. पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे; हुशार, मेहनती आणि, हे मुद्दाम लिहितो, सुस्वभावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन आला आणि आत्याच्या पाया पडला. म्हणाला, "आजी, माझ्या ध्यानातच आलं नाही हो. गाडीच्या काचा तर बंद होत्या." हे शेवटचे वाक्य आमच्या मनात तेव्हापासून रुतून बसले आहे, आणि प्रस्तुत लेखाचे कारणही तेच आहे. काचा बंद होत्या हे खरे होते. मुलगा खोटे बोलत नव्हता. श्रीमंत मोटारीतील ध्वनियंत्रणा वाढवू पाहणाऱ्या शेकडो सुशिक्षित माणसांची प्रामाणिक समजूत हीच असते, की काच वर केली म्हणजे आपला आनंद आपल्यापाशी राहिला आणि शेजाऱ्याचा त्यात काही संबंध उरला नाही. ही समजूत साफ चुकीची आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. पण ते नीट सांगावयाचे तर थोडे मुळापासून सांगितले पाहिजे.

प्रथम प्रतिपक्षास त्याचे जे न्याय्य देणे आहे ते देऊन टाकू. त्या मुलाने "काका, एकदा बसून तर बघा" म्हणून आम्हांस मोटारीत बसविले आणि आमच्या वयाकडे पाहून एक जुने भावगीत लावले. कारखान्यातून मोटारीबरोबर आलेले ध्वनिक्षेपक काही हलके नव्हते. एका नामांकित युरोपीय कंपनीचे, डझनाहून अधिक, दारांत, छतापाशी, आसनांमागे असे पेरलेले होते. प्रथम त्याने डिकीतील पेटी बंद ठेवून गीत ऐकविले, मग पेटी सुरू करून. दुसऱ्या खेपेस तबल्याच्या बायाला जी खोली आली, ती आम्ही त्या गीतात पूर्वी कधी ऐकली नव्हती. येथे खोटे बोलण्यात अर्थ नाही. आमचे मन क्षणभर हरखले. धावत्या मोटारीत टायरांची आणि रस्त्याची जी घरघर असते ती बहुतांशी खर्जातली असते व ती गाण्यातल्या खर्जाला गिळून टाकते, हेही खरे आहे. म्हणून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाने खर्ज थोडा वाढवून घेतला तर त्यात वावगे काही नाही. ज्याला संगीताची आवड आहे त्याने आपल्या कष्टाच्या पैशाने उत्तम यंत्र घ्यावे; ह्याला चैन म्हणून नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हत. ग्रामोफोन आला तेव्हाही अशी नाके मुरडली गेली होती.

परंतु त्याच मुलाला आम्ही विनंती केली, की आता हेच गीत असेच चालू ठेव, काचा बंद कर, आणि आमच्याबरोबर बाहेर येऊन त्या कडुनिंबाखाली उभा राहा. तो आला. तेथे, तीस पावलांवर, गायकाचा एक शब्द ऐकू येत नव्हता. पेटी नव्हती, सूर नव्हता, ज्या बायाच्या खोलीने आम्ही हरखलो होतो तो बायाही नव्हता. ऐकू येत होता तो केवळ एक ठोका: धप्, धप्, धप्. मुलाचा चेहरा उतरला. त्याने हा प्रयोग पूर्वी केलाच नव्हता. का करावा? मोटारीचा मालक आपल्या मोटारीच्या बाहेर उभा राहून ऐकतो कधी?

हे असे का होते, ते विज्ञान जाणणाऱ्यास नवे नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. सेकंदास ४० कंपने असलेल्या, म्हणजे ४० हर्ट्झच्या, खर्जाची एकेक लाट त्यामुळे साडेआठ मीटर लांब होते. मोठ्यातली मोठी मोटार पाच मीटरांच्या घरातली, आणि तिच्यातील बसण्याची जागा तर त्याहूनही अपुरी. एवढी लांब लाट तेवढ्या पोकळीत मावतच नाही. मोटारीतील सगळी हवा लोहाराच्या भात्यासारखी एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. म्हणूनच लहान पेटीतूनही मोटारीत एवढा प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि म्हणूनच ह्या धंद्यातील कारागीर मोटारीवर इतके खूष असतात. आता हा दाब अडविणार कोण? काच आणि पत्रा. पण काच असो, पत्रा असो की भिंत असो, स्वर जसजसा खाली उतरतो तसतशी प्रत्येक सप्तकामागे तिची अडविण्याची शक्ती सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद मोटार ही अशी एक चाळणी आहे. ती शब्द ठेवून घेते, सूर ठेवून घेते, बासरी आणि सतार ठेवून घेते, आणि कोंडा तेवढा शेजाऱ्याच्या घरात पाडते. मालकास मिळते ते गाणे. गावास मिळतो तो ठोका. दारांच्या आतून जाडजूड चिकटपट्ट्या लावल्या म्हणजे काम झाले, असे कारागीर सांगतात. त्या पट्ट्यांनी मोटारीचा स्वतःचा पत्रा खडखडत नाही, हा त्यांचा गुण खरा. परंतु ती सोय मालकाच्या कानाची आहे, साखऱ्याच्या पत्र्यांची नाही.

ह्यावर कोणी विचारील, की कायदा काय करतो? कायदा आहे, आणि चांगला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम इ. स. २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ह्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक चढता कामा नये. २०१० च्या दुरुस्तीने तर निवासी भागात रात्री भोंगा वाजविण्यासही, आणीबाणीखेरीज, मनाई केली; ही मनाई आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्याला ऐकावयाचे नाही त्याला बळेच ऐकविण्याचा हक्क कोणास नाही, आणि शांततेने जगणे हे संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातच येते. मोटारीच्या बाबतीत म्हणाल, तर नाना स्वरांत वाजणारे भोंगे मोटारवाहन नियमांनी निषिद्धच आहेत, आणि आवाजाचे मानक मोडून वाहन चालविणारास २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

असे असूनही हा ठोका कायद्याच्या हाती लागत नाही, आणि त्याचे कारण पोलिसांची ढिलाई एवढेच नाही. कारण त्यांच्या हातातील मापकात आहे. नियमांतील डेसिबल हे 'ए' मापाचे आहेत. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले, की मनुष्याचा कान हळू आवाजातील खर्जास बराचसा बहिरा असतो. तोच आवाज चढला म्हणजे मात्र कानाचा हा बहिरेपणा कमी होत जातो. 'ए' माप बेतले ते हळू आवाजातल्या कानावर. म्हणून ते खर्जातून भरमसाट वजावट करते: १०० हर्ट्झवर सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झवर ३०, आणि त्याखाली त्याहूनही अधिक. आता हिशेब करून पाहा. ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा ठोका दाराशी येऊन आदळतो; मापक त्यातून ३० वजा करतो आणि काट्यावर ५५ दाखवितो. म्हणजे दिवसाची मर्यादा तंतोतंत पाळली गेली! भांडी पडली तरी चालतील, काटा पडला नाही म्हणजे झाले. धान्य तोलताना मापाड्याने प्रत्येक पोत्यामागे अशी सूट घेतली असती, तर हिंगोलीच्या मोंढ्यात शेतकऱ्यांनी त्याला तराजूसकट उचलून बाहेर टाकले असते. येथे मात्र तोच तराजू सरकारमान्य आहे.

हा काही आमचा नवा शोध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वसाहतींतील गोंगाटाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतच खर्जाचे प्राबल्य असलेल्या आवाजाला 'ए' माप अयोग्य असल्याचे म्हटले आहे. खर्जाची फारशी वजावट न करणारे 'सी' माप अस्तित्वात आहे. ५० हर्ट्झवर त्याची वजावट जेमतेम एका डेसिबलची. बऱ्याच मापकांवर 'ए' आणि 'सी' ही दोन्ही मापे एका कळीने बदलता येतात. दोन्ही मापांनी नोंद घ्यावी, आणि दोहोंत फार अंतर पडले तर तेथे ठोका चालू आहे असे समजावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. तिच्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे खाते लागत नाही. नियमात एक ओळ वाढवावी लागते. ती ओळ वाढविण्याची मागणी आम्ही येथे करीत आहो, आणि ज्या वाचकांचा विधिमंडळात वा प्रदूषण मंडळात संबंध पोहोचतो त्यांनी ती पुढे न्यावी अशी आमची विनंती आहे.

आता दुसऱ्या एका आक्षेपाकडे वळू, जो आमच्याच वर्गातील मंडळी आम्हांस एकांतात ऐकवितात. ते म्हणतात, "अहो, खरा उपद्रव त्या ट्रॅक्टरवाल्या पोरांचा. वरातीतल्या डीजेचा. त्यांना सोडून तुम्ही एखाद्या सभ्य माणसाच्या मोटारीमागे काय लागता?" ह्या प्रश्नातील 'सभ्य' हा शब्द मोठा बोलका आहे. ट्रॅक्टरवर दोन भोंगे बांधून ऊस नेणारा गडी आणि डिकीत दोन सबवूफर घालून द्रुतगती मार्गावरून येणारा अभियंता ह्यांच्यात फरक तो काय? गड्याचा आवाज कर्कश आहे, तो दुरून कळतो, आणि म्हणून त्याला हटकता येते. अभियंत्याचा ठोका कुलीन आहे. तो काचेआडून येतो, कोठून येतो ते कळत नाही, आणि कळले तरी एवढ्या मोठ्या मोटारीच्या काचेवर बोट वाजविण्याचा धीर गावातल्या माणसास होत नाही. आमच्या वर्तमानपत्रांतून पहिल्याची निंदा आणि मासिकांच्या गुळगुळीत पानांवरून दुसऱ्याची जाहिरात, दोन्ही एकाच घरात एकाच सकाळी वाचली जातात. वरातीतल्या डीजेविरुद्ध आम्ही पूर्वीही लिहिले आहे व पुढेही लिहू. परंतु ज्या घरात मुलाच्या मोटारीतील पेटीचे कौतुक होते, त्या घरातून वरातीविरुद्ध निघालेला अर्ज आम्ही गंभीरपणे वाचू शकत नाही.

वरातीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. विषयांतराची क्षमा असावी. ह्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला आपल्याकडे खेडोपाडी 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी हे एका अमेरिकन अभियंत्याचे नाव. १९६३ ते १९६५ ह्या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्या देशात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, आणि ज्या शोधाने ते जगप्रसिद्ध झाले तो शोध होता ध्वनिफितीवरील नको असलेली खरखर काढून टाकण्याचा. ज्या माणसाने गोंगाट कमी करण्यापासून आपल्या कीर्तीस आरंभ केला, त्याचे नाव महाराष्ट्राने गोंगाटालाच देऊन टाकले! असा सूड उगविण्यासारखे त्या बिचाऱ्याने आपले काय वाकडे केले होते, कोण जाणे.

मोटारीची गोष्टही थोडीशी अशीच आहे. श्रीमंत मोटारीची प्रतिष्ठा आरंभापासून कशावर उभी राहिली? शांततेवर. १९५८ साली रोल्स-रॉइसची जी जाहिरात गाजली, तिचे सारे मर्म एवढेच होते, की ताशी ६० मैल वेगातही त्या मोटारीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. आजही असल्या मोटारींचे कारखानदार दुहेरी काच, दारांच्या कडांचे रबर, तळाशी घातलेले अस्तर ह्यांवर अपार पैसा खर्च करतात, आणि तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. म्हणजे गिऱ्हाईक लाखो रुपये देऊन शांतता विकत घेते आणि मग आणखी काही लाख देऊन ती मोडून घेते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी झाल्या तेव्हा देशभर त्याची वार्ता पसरली होती. त्या वेळी आम्हीही, मराठवाड्याचे म्हणून, थोडे ताठ मानेने फिरलो, हे कबूल करतो. दुष्काळाशिवाय आमच्या मुलखाचे नाव दुसऱ्या कशासाठी तरी घेतले जात होते. पैसा आला ह्याचा आम्हांस विषाद नाही. आलेला पैसा कोणत्या रूपाने शेजाऱ्याच्या दाराशी जातो, हा प्रश्न आहे. त्या मुलाने पेटी, ॲम्प्लिफायर, तारा आणि पट्ट्या ह्यांना मिळून किती खर्च आला ते सांगितले, तेव्हा आत्या जवळच लसूण सोलीत बसली होती. ती म्हणाली, "एवढ्यात माझ्या घरावर स्लॅब पडला असता की रे." तो हसला, आम्हीही हसलो, ती हसली नाही.

संगीताच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे, कारण ह्या पेट्यांचे समर्थन नेहमी संगीताच्या नावाने केले जाते. पुरुष गवयाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार साधारणपणे ६५-७० हर्ट्झच्या आसपास बोलते. आपल्या रागसंगीतात सुराच्या नात्याने जे काही आहे, ते जवळजवळ सर्व त्याच्या वरचेच आहे. पाश्चात्त्य बास गिटारीतील खालचा स्वर ४१ हर्ट्झपर्यंत उतरतो. त्याच्याही खाली, वीस-तीस हर्ट्झवर, जे दडलेले असते ते बहुधा चित्रपटातील स्फोट आणि यंत्रांनी घडविलेले ठोके. सबवूफरची कीर्तीच मुळी चित्रपटगृहातून पसरली: १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाच्या इंग्रजी चित्रपटासाठी प्रेक्षागृहांत प्रचंड खर्जयंत्रे बसविली होती, प्रेक्षकांस भूकंपाचा अनुभव तिकिटाच्या पैशात मिळावा म्हणून. आमच्या आत्यास तो अनुभव विनामूल्य मिळाला. जो खरा संगीताचा भोक्ता आहे त्याला एक लहानशी, बंद बांधणीची पेटी, बेताने लावलेली, पुरून उरते. उलट तिच्या मर्यादेमुळेच बायाचा घुमारा स्वच्छ राहतो. पखवाजाच्या डाव्या अंगास कणीक लावणारा वारकरी हे जाणतो. तो चिमूटभर कणीक काढतो, चिमूटभर घालतो, कान देतो, पुन्हा काढतो. साऱ्या भजनाचा खर्ज त्या एका गोळ्याने लगामात असतो. साखऱ्याच्या देवळातही त्या चार दिवसांत आम्ही भजन ऐकले. मृदंग होता, टाळ होते, वीसेक माणसे होती. आत्याच्या घरापर्यंत ते ऐकू येत होते, आणि भांडी जागची हलली नव्हती.

ह्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात, आणि औंढ्याच्या नागनाथाची आख्यायिका तर प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते: देवळापुढे कीर्तनास मनाई झाली म्हणून नामदेव मागे जाऊन बसले, आणि देऊळच फिरले. आख्यायिकेचा खरेखोटेपणा आम्ही तपासीत नाही. पण जेथील लोकांच्या कल्पनेत दगडी देऊळ फिरविण्यास एक माणसाचा गळा पुरला, तेथील मुलाला तबल्याचा आनंद घेण्यास दोन हजार वॅटांची पाटी लावलेला ॲम्प्लिफायर लागावा, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही.

कोणी म्हणेल, "ज्याचे कान त्याला बहिरे करून घेण्याचा अधिकार आहे." ठीक आहे, तथापि तो अधिकार बजावण्यापूर्वी हिशेब पाहावा. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा, हे कारखान्यांतील कामगारांसाठी अमेरिकन तज्ज्ञांनी घालून दिलेले माप आहे. त्या मापाने १०० डेसिबलवर पंधरा मिनिटे पुरतात. पुण्याहून साखऱ्यास येण्यास किती तास लागतात, ते त्या मुलानेच मोजावे. शिवाय असल्या मोटारीच्या मागे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका भोंगा वाजवीत उभी राहिली, तर तो भोंगा आत ऐकू जाईल काय? दुहेरी काच आणि डिकीतला भूकंप, दोन्ही मिळून बाहेरच्या जगाला वाट देतात की नाही, ह्याचे उत्तर मोटारमालकांनी मनाशीच द्यावे; रुग्णवाहिकेतील माणसास विचारू नये.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो मुलगा पुन्हा आला. आमच्याशी वाद घालावयास आला होता, आणि त्याने तो चांगला घातला. "काका, तुम्ही म्हणता ते पटतं, पण गणपतीत आमच्या सोसायटीत ढोल वाजतो तेव्हा कुणी मोजत नाही, आणि मी एकटाच का कमी करू?" आम्ही त्याला सांगितले, की ढोलावरही मोजावे आणि तुझ्यावरही मोजावे, आणि दोन्ही ठिकाणी खऱ्या मापाने मोजावे, परंतु मोजणारा येईपर्यंत थांबण्याचे तुला कारण नाही, कारण कडुनिंबाखाली उभे राहून तू स्वतःच मोजून आला आहेस. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गावात आल्यावर बंद ठेवीन. पुण्याचं सांगत नाही." एवढे प्रामाणिक उत्तर आम्हांस पुष्कळ सभांतूनही मिळालेले नाही. पुण्यातही कोणाची तरी आत्या खालच्या मजल्यावर राहत असेल, हे आमच्या ओठांपर्यंत आले होते. पण तो पाहुणा म्हणून आला होता, आणि आत्याने त्याच्यासाठी चहा ठेवला होता.

निघताना आम्ही स्वयंपाकघरात डोकावलो. पितळेची सगळी भांडी तिने फळीवरून उतरवून भिंतीकडेला जमिनीवर मांडली होती. वर ठेवून देऊ का, म्हणून विचारले, तर म्हणाली, "राहू दे. अजून तीन लग्नं हाएत गावात."